बसबोर्ड की रिबनची बसकेबल?

युरोरॅक सिंथचा, म्हणजे सुटी मॉड्यूल (आवाज घडवणारे छोटे भाग) एकत्र बसवून केलेल्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा डबा करून घ्यायला बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीसारखी दुसरी सोय नाही. अॅल्युमिनियमचा पत्रा हवा तसा वाकवून, भोकं पाडून मिळतो. पण डबा धातूचा, म्हणून आत सगळ्या मॉड्यूलना वीज कशी फिरवायची हे आधी ठरवा: बसबोर्डने (पिनांच्या कनेक्टरांची सर्किटपट्टी) की बसकेबलने (कनेक्टर लावलेली चपटी रिबन केबल).

माझा कौल बसबोर्डला. तळाला स्क्रूने पक्का बसतो, जागचा हलत नाही. खालून सोल्डरची टोकं बाहेर आलेली असतात, त्यामुळे बोर्ड पत्र्यापासून वर उचलून धरणारे नायलॉनचे स्पेसर हवेतच. आणि ड्रिलचा कीस! नखाच्या कोरीएवढा चकचकीत तुकडा दोन पिनांत अडकला की १२ व्होल्ट थेट ग्राउंडला भिडतात. भोकं पाडून झाल्यावर डबा उलटा झटका, ब्रशने साफ करा, मगच बोर्ड आत ठेवा. एम३ स्क्रू आत पडला तर सापडेपर्यंत पॉवर लावू नका. चारी बाजूंनी कड असलेलेच कनेक्टर घ्या. उघड्या पिनांवर मॉड्यूलची केबल एक ओळ सरकून बसते. केबलची लाल धार नेहमी उणे १२ व्होल्टच्या पिनांकडे.

बसकेबल स्वस्त पडते. लाकडी पेटीत तीन-चार मॉड्यूलना पुरेशी. मात्र तिचे रिकामे कनेक्टर आत लोंबतात आणि खानापूर रस्त्यावर गाडी उसळली की त्यांच्या पिना मॉड्यूलच्या पाठीला टेकतात. त्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळा.

लाईट गेली म्हणून तेवढ्यात मॉड्यूल बसवायला घेताय? आधी प्लग काढा. हात आत असतानाच लाईट येते.