नऊ महिने, एकेचाळीस पुस्तकं : ई-रीडरवर टेरी प्रॅचेट

गेल्या दसऱ्याला सहा इंची ई-रीडर घेतला, साधारण तेरा हजारांना पडला. तेव्हापासून या आषाढापर्यंत त्यावर मी एकाच मालिकेची ४१ पुस्तकं वाचली. त्यामुळे यंत्राबद्दल लिहायला बसले तरी लेखक मध्ये येतोच, आणि मला तो यायला हवाच आहे.

लेखक टेरी प्रॅचेट, इंग्लंडचा. जन्म १९४८, मृत्यू १२ मार्च २०१५. त्याची ‘डिस्कवर्ल्ड’ मालिका घडते ती पृथ्वी ताटासारखी सपाट आहे. ती चार हत्तींच्या पाठीवर टेकलेली, हत्ती एका अजस्र कासवावर उभे, आणि कासव अवकाशातून पोहत चाललंय. देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला लहानपणापासून हात लावून पुढे जाणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चित्र परकं वाटत नाही. पुस्तकं सुचवली भाच्याने. नाशिकच्या दुकानांत दोन-तीनच सापडली, तीही मधलीच. मला क्रमानेच वाचायची होती, म्हणून रीडर.

मी राहते गंगापूर रोडला, नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात. जाऊन-येऊन बसमध्ये दीड तास जातो. सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघाल्यापासून द्वारका चौकात बस अडकली की त्याहून जास्त. वाचन झालं ते बहुतेक सगळं या बसमध्ये.

यंत्राचं आधी सांगते. पडद्याच्या आत काळे आणि पांढरे बारीक कण असतात, दोघांवर विरुद्ध विद्युतभार. पान उलटताना वीज देऊन कण वरखाली केले जातात आणि मग वीज तोडली तरी अक्षरं जागची हलत नाहीत. म्हणून रोज दीड तास वाचूनही मला चार्जिंग तीन आठवड्यांतून एकदाच लागतं. खिडकीशेजारी भर उन्हात अक्षर उलट जास्त ठळक दिसतं. चाळिशी लागल्यापासून छापील पुस्तकांतला बारीक टाइप मला त्रास द्यायचा. इथे अक्षर दोन पायऱ्या मोठं केलं आणि चष्मा पर्समध्येच राहायला लागला.

प्रॅचेट वाचताना मात्र या यंत्राची खरी परीक्षा होते. त्याच्या बहुतेक कादंबऱ्यांत प्रकरणंच नाहीत. ‘प्रकरण संपायला इतकी मिनिटं’ ही सोय त्यामुळे निकामी ठरते, फक्त टक्के बघायचे. दुसरं म्हणजे तळटिपा. त्या त्याचा प्राण आहेत. कधी कधी तळटिपेला तळटीप असते. शब्दाच्या डोक्यावर एवढासा तारा असतो, त्यावर बोट टेकलं की टीप छोट्या चौकटीत उघडते. बस खड्ड्यातून गेली की बोट बाजूला पडतं, पान उलटतं आणि ऐन रंगात आलेला प्रसंग निसटतो. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे ओळींमधलं अंतर वाढवणं. तारा थोडा मोकळा होतो.

तिसरी गोष्ट मृत्यूची. डिस्कवर्ल्डमध्ये मृत्यू हे एक पात्र आहे. सांगाडा, काळा झगा, पांढरा घोडा. त्याला मांजरं आवडतात. तो बोलतो ते अवतरण चिन्हांशिवाय, सगळं छोट्या उंचीच्या कॅपिटल अक्षरांत. कानावर न पडता थेट डोक्यात उमटावा असा तो आवाज. काही फाइलींत ही अक्षरं साध्या कॅपिटलमध्ये आली आहेत, आणि मग तो शांत माणूस ओरडल्यासारखा वाटतो. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. मराठीत तर कॅपिटल अक्षरंच नाहीत. कुणी अनुवाद केला तर या आवाजाचं काय करील, हा विचार मी कितीदा तरी केला आहे. यमराज आपल्या ओळखीचा, पण त्याचा असा हलका, जरासा गोंधळलेला, माणसांबद्दल कुतूहल असलेला आवाज मराठीत यावा असं फार वाटतं.

पाचव्या महिन्यात पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात राखाडी डाग धरला. कंपनीच्या फोनवर दोनदा ‘रीसेट करून बघा’ एवढंच ऐकलं. तिसऱ्यांदा फोटो पाठवले तेव्हा यंत्र बदलून मिळालं, पण तीन आठवडे गेले. बिल आणि खोकं जपून ठेवा.

तेरा हजार जास्त नाहीत का, असं घरात विचारलं गेलं. उत्तर मला ‘मेन ॲट आर्म्स’ या १९९३ च्या कादंबरीत मिळालं. त्यात पहाऱ्याचा प्रमुख व्हाइम्स हिशेब मांडतो. चांगले बूट पन्नास डॉलरचे, वर्षानुवर्षं टिकणारे. त्याचा महिन्याचा पगार अडतीस. म्हणून तो दहा डॉलरचे घेतो, जे हंगाम-दोन हंगामांत गळायला लागतात. दहा वर्षांत गरिबाचे शंभर डॉलर खर्ची पडतात आणि पाय ओलेच राहतात. याआधी मी सहा हजारांचा टॅब घेतला होता, वाचायलाच. डोळे चुरचुरायचे, दोन वर्षांत बॅटरी फुगली. बुटांचं हे पान मी बसमध्ये दोनदा वाचलं. अर्थशास्त्राच्या पुस्तकातही गरिबी महाग का पडते हे इतक्या थोडक्यात कुणी मला सांगितलं नव्हतं.

आणि हे लिहिणारा माणूस वीज खात्यातला! १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडचा अणुभट्टीचा अपघात झाला, त्यानंतर थोड्याच काळात प्रॅचेट ब्रिटनच्या सरकारी वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी म्हणून लागला. त्याच्या वाट्याला अणुवीज केंद्रं आली. दिवसभर पत्रकारांना उत्तरं द्यायची आणि रात्री घरी ४०० शब्द लिहायचे. पहिली गोष्ट शाळेत तेराव्या वर्षी लिहिलेली, शाळा सतराव्या वर्षी सोडून वार्ताहरकी धरलेली, सत्तरच्या दशकापासून विज्ञानकादंबऱ्याही लिहिलेल्या. १९८३ ला ‘द कलर ऑफ मॅजिक’ आलं. १९८७ ला त्याने नोकरी सोडली तोवर मालिकेची चार पुस्तकं या रात्रीच्या चारशे शब्दांतूनच उभी राहिली होती. एकलहऱ्याची चिमणी बसमधून दिसू लागली की मला हे रोज आठवतं.

क्रमाने वाचायचा माझा हट्ट योग्य ठरला. पहिली दोन पुस्तकं जादूच्या कथांची टिंगल आहेत, हसवतात आणि विसरली जातात. चौथ्यापासून, म्हणजे मृत्यू जिथे पहिल्यांदा नायक होतो तिथून, टिंगल मागे पडते. १९९२ च्या ‘स्मॉल गॉड्स’मध्ये एक महाबलाढ्य देव कासव होऊन बसला आहे, कारण नावाने लाखो भक्त असले तरी मनापासून मानणारा एकच उरलाय. सिंहस्थाच्या तयारीने गजबजलेल्या गावातून जाताना हे वाचलं. मी देव मानते, आणि पुस्तकाने मला दुखावलं नाही. दहा वर्षांनंतरचं ‘नाइट वॉच’ माझं सगळ्यात आवडतं, त्याबद्दल मुद्दाम काही सांगत नाही.

शेवटची पुस्तकं मला जड गेली, कारण अण्णा. माझे वडील सार्वजनिक वाचनालयाचे जुने सभासद. अखेरच्या दोन वर्षांत स्मृतिभ्रंशाने त्यांना गाठलं. पुस्तक हातात असायचं, नजर पानावर असायची, पण अर्धा-पाऊण तास पान उलटायचं नाही. मी उलटून दिलं की ते माझ्याकडे बघून हसायचे.

प्रॅचेटने डिसेंबर २००७ मध्ये आपला आजार जाहीर केला. अल्झायमरचा दुर्मीळ प्रकार, ज्यात डोळे ठीक असतात पण दिसलेलं मेंदूला लागत नाही. टाइप करणं गेलं. मग तो सहायकाला आणि संगणकाला तोंडी सांगून लिहू लागला, आणि त्यानंतरही त्याची अर्धा डझनहून जास्त पुस्तकं आली. संशोधनाला दहा लाख डॉलर दिले. २००९ ला ‘सर’ झाला, तेव्हा सरदाराला तलवार हवी म्हणून घराजवळचं लोहखनिज वितळवून, त्यात उल्केचे तुकडे घालून ती घडवली. चाळिसाव्या पुस्तकात वाक्यं लांबतात, सगळी पात्रं एकाच सुरात बोलू लागतात, हे जाणवतं. तारे द्यायचे तर मी त्याला तीनच देईन. पण एकही पान गाळलं नाही. एकेचाळिसावं, ‘द शेफर्ड्‌स क्राउन’, त्याच्या मृत्यूनंतर आलं. त्यातल्या एका म्हातारीच्या निरोपाची पानं मी घरी, दार लावून वाचली.

अपुऱ्या कादंबऱ्या कुणी पुऱ्या करू नयेत ही त्याची इच्छा होती. म्हणून २०१७ ला त्याची हार्ड डिस्क वाफेच्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली. आधी मला हे फार लागलं. आता वाटतं, त्याचं वाक्य तोंडी सांगितलेलं असलं तरी त्याचंच होतं, आणि दुसऱ्याने पुरं केलेलं तसं राहिलं नसतं.

सध्या रीडर माझ्याकडे नाही. बसमध्ये शेजारी बसणाऱ्या लेखा विभागातल्या ताईंनी ‘रोज काय एवढं वाचतेस गं?’ म्हणून मागून घेतला. त्यांना पहिली दोन टाळून थेट ‘गार्ड्स! गार्ड्स!’ उघडून दिलं, अक्षर आणखी एक पायरी मोठं करून. काल त्या ३८ टक्क्यांवर होत्या आणि द्वारकेला बस अडकली तरी त्यांनी मान वर केली नाही.