स्पष्टवक्ते स्पीकर की सांभाळून घेणारे?

स्पीकरच्या दोन्ही तऱ्हेच्या जोड्या माझ्या घरात नांदून गेल्यात. एक धातूच्या ट्विटरची (ट्विटर म्हणजे उंच सूर वाजवणारा छोटा स्पीकर), बारीकसारीक सगळं ऐकवणारी. तिच्यासोबत नव्या धाटणीचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा एक नॉब आणि बस्स. दुसरीचा ट्विटर कापडी घुमटाचा, जरा मवाळ. तिच्या जुन्या अ‍ॅम्पला बेस-ट्रेबलचे, म्हणजे खालचे आणि वरचे सूर कमी-जास्त करायचे नॉब आहेत आणि मोनोचा, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करायचा खटका आहे.

ध्वनिमुद्रण चांगलं असेल तर पहिल्या जोडीला तोड नाही, हे आधीच सांगतो. तानपुऱ्याची जवारी म्हणजे तारांची गुंजन, तबल्याची चाट म्हणजे काठावरचा बोल, तानेआधी गायकाने घेतलेला श्वास, सगळं आपसूक कानावर येतं. दुसरीवर तेच जरा कान देऊन शोधावं लागतं.

पण आपण ऐकतो काय? अल्लादियाखाँसाहेब जिथे शाहू महाराजांच्या दरबारी होते त्या कोल्हापुरात राहायचं, तर त्यांच्याच घराण्याचे गायक केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर हवेतच. आणि जुन्यातलं बरंचसं 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) तबकड्यांवरून उतरवलेलं. बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं, सगळं मोनो, वर लाखेची खरखर. पहिल्या जोडीवर ही खरखर गाण्याच्या पुढ्यात येऊन बसते. साफसूफ करून काढलेल्या प्रतींची तऱ्हा वेगळीच. खरखर पुसताना तानपुराही पुसलेला असतो, त्यामुळे गायिकेचा आवाज थांबला की मागे एकदम सामसूम. हेही पहिली जोडीच आधी दाखवून देते. चढ्या आवाजात मास्टर केलेली अलीकडची सिनेगीतं लावा, त्यातले ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. आमच्या राजारामपुरीतल्या खोलीत गुळगुळीत फरशी आणि काचेची कपाटं, त्याचाही हातभार असेल.

अशा वेळी हात ट्रेबलकडे जातो आणि तिथे नॉबच नाही! शुद्धतेसाठी काढून टाकला म्हणे. वाटेत जास्तीचं सर्किट नको, हा युक्तिवाद कागदावर पटतो. पण जुन्या मुद्रणात वरच्या टोकाला गाणं थोडं आणि खरखर फार, त्यामुळे ट्रेबल किंचित उतरवला तर गाण्याचं फारसं बिघडत नाही. मोनो तबकडी स्टेरिओ काट्याने वाजवताना मोनोचा खटका दाबला, तर खाचेतल्या उभ्या थरथरीचा आवाज दोन्ही बाजू एकत्र होताना कटतो. एवढ्या साध्या सोयीवाचून माझं ऐकणंच बदलत चाललं होतं. मन्सूरांची जुनी मुद्रणं कपाटात आणि खोलीत वाजतंय कुठलंसं नमुन्याचं परदेशी पियानोवादन, का तर ते ‘छान वाजतं’. मला याचाच वीट आला.

तुमचा संग्रह बहुतेक नव्या, निगुतीने केलेल्या मुद्रणांचा असेल तर पहिली जोडी खुशाल घ्या, मी आडवा येणार नाही. अर्धाअधिक जुना असेल तर माझं मत मवाळ जोडीला. निदान अ‍ॅम्प तरी नॉबवाला बघा. दुकानात जाताना घरातलं सगळ्यात वाईट मुद्रण सोबत न्या, दुकानदाराचं नमुना-गाणं कशावरही गोडच लागतं. अ‍ॅपमधल्या इक्वलायझरने भागतं असं काही मित्र सांगतात. मोबाइलवरून ऐकणाऱ्यांचं भागतही असेल, पण टर्नटेबल थेट अ‍ॅम्पला जोडलेला असेल तर तो इक्वलायझर काय कामाचा?