वसुलीपत्र: उत्तरपत्रिकेतलं आणि ईमेलवरचं

मुंबई विद्यापीठाच्या प्रथम वर्ष बी.कॉम.ला बिझनेस कम्युनिकेशनमध्ये वसुलीपत्र (थकलेले पैसे मागणारं पत्र), ग्राहक तक्रार, माहिती अधिकाराचा अर्ज हे वर्षानुवर्षे शिकवलं गेलं आहे. प्रश्न आहे तो तपासायचं कसं, लेखी परीक्षेत की प्रात्यक्षिकात, हा.

लेखी परीक्षेत पत्ता, तारीख, विषय जागच्या जागी असले की बरेच गुण पदरात पडतात. शेकडो उत्तरपत्रिकांना एकच माप लावता येतं आणि लिहिलेलं मुलाचंच आहे याची खात्री असते. एआय आल्यापासून ही खात्री फार मोलाची. पण त्या पत्राला समोरून उत्तर येत नाही.

प्रात्यक्षिकात येतं. थकबाकी मागणारा ईमेल गेला की शिक्षक ग्राहक बनून कळवतात, "अर्धा माल खराब निघाला, पैसे कसले मागता?" आता संबंध न तोडता पैसे काढायचे. माफी कशाबद्दल मागायची, ठाम कुठे राहायचं, साहेबांना सीसीत केव्हा घ्यायचं, हे दुसऱ्या ईमेलात उघडं पडतं. माझ्या मते जास्त गुण या दुसऱ्या ईमेललाच हवेत.

वर्गात शंभरावर मुलं असली की एकट्या शिक्षकाला हे झेपत नाही, हे खरं. तिथे निदान वसुलीपत्रापुरतं तरी करावं, तेही वर्गातच बसवून.