दुरुस्त होऊन परत येणाऱ्या सुट्या भागांचा साठा: कोणतं गणित घ्याल?

वास्को-दाबोळी पट्ट्यात लष्करी विमानांचे सुटे भाग सांभाळायचे तर माल दोन तऱ्हेचा असतो. सील, फिल्टर वापरून टाकायचे. साठा ठरावीक पातळीला आला की ऑर्डर, यापलीकडे तिथे डोकं शिणवू नका. हायड्रॉलिक पंप मात्र बिघडतो, वर्कशॉपला जातो आणि परत येतो. त्याला तेच सूत्र लावलं की दुरुस्तीत अडकलेला माल हिशेबातून सुटतो आणि नको तेवढी नवी खरेदी होते.

एकच तळ आणि एकच वर्कशॉप असेल तर पामचं प्रमेय (बिघाडांचा वेग आणि दुरुस्तीचा काळ यांवरून किती भाग दुरुस्तीत अडकलेत ते सांगणारं) पुरे. समजा महिन्याला सरासरी एक पंप बिघडतो आणि दुरुस्तीची फेरी दोन महिन्यांची आहे. म्हणजे कुठल्याही दिवशी सरासरी दोन पंप दुरुस्तीत. प्रत्यक्ष आकडा पॉयसाँ वितरणाप्रमाणे (अचानक घडणाऱ्या घटना मोजायचं संभाव्यतेचं सूत्र) खाली-वर होतो. जादा पंप दोनच ठेवले तर सरासरी ०.५४ मागण्या तुंबलेल्या (पंप मागितला, पण रॅकवर नाही) राहतात. तीन ठेवल्यास ०.२२, चार ठेवल्यास ०.०८, पाच ठेवल्यास ०.०२. तिसऱ्या पंपाचे पैसे वसूल होतात. पाचव्यासाठी साहेबांपुढे बरीच वकिली करावी लागेल! एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम.

तळ अनेक आणि मागे एक मुख्य डेपो असेल तर क्रेग शेरब्रुक यांचं १९६८ चं मेट्रिक हे साठ्याचं मॉडेल. पुढचा रुपया कुठल्या तळावर, कुठल्या भागावर टाकला की तुंबलेल्या मागण्या सर्वांत जास्त घटतील, हे ते सांगतं. पण डेपोच्या उशिराची फक्त सरासरी धरल्यामुळे त्याचं उत्तर जरा जास्तच आशावादी येतं. त्याचं सुधारित रूप व्हॅरी-मेट्रिक चढउतारही धरतं, शिवाय इलेक्ट्रॉनिक पेटीतलं सर्किट कार्ड बिघडलं की पेटी अडते तोही हिशेब करतं. नव्याने सुरुवात करणार असाल तर जुनं मेट्रिक सोडून थेट हेच घ्या. युद्धकाळात उड्डाणं एकदम वाढतात त्यासाठी डायना-मेट्रिक आहे. रोजच्या स्टोअरला ते नको.

एक खोट मात्र पामच्या प्रमेयात आहे आणि मूळ मेट्रिकमध्येही: वर्कशॉपमध्ये रांग लागतच नाही असं दोन्हींनी धरलंय. टेस्ट बेंच (भाग तपासायचं यंत्र) एकच असेल आणि पावसाळी खाऱ्या दमटपणाने चार भाग एकदम गंजून आले, तर रांग लागणारच. तिथे सिम्युलेशन करा, किंवा निदान फेरीचा काळ करारातून न उचलता जॉब कार्डवरच्या तारखांवरून काढा; भाग काढल्यापासून तो वापरायला तयार होऊन स्टोअरच्या रॅकवर परत येईपर्यंतचा, पॅकिंग आणि गेटपासमध्ये गेलेल्या दिवसांसकट.