झांझिबार की बागामोयो? गुलामव्यापाराच्या खुणा पाहायला दार-एस-सलामहून एकच दिवस मिळाला तर

कामानिमित्त किंवा नातलगांकडे टांझानियातील दार-एस-सलामला आलेल्या मराठी पाहुण्याला एखादा दिवस मोकळा मिळाला आणि पूर्व आफ्रिकेतील गुलामव्यापाराच्या खुणा पाहण्याची इच्छा असली, तर गाईडसह एका दिवसात जाऊन येण्यासारखी दोन ठिकाणे आहेत: बोटीने झांझिबारचे स्टोन टाउन, किंवा रस्त्याने उत्तरेला साधारण ७० किलोमीटरवर असलेले बागामोयो. एका दिवसात दोन्ही होत नाहीत, आणि कोणालाही विचारले तरी उत्तर बहुधा झांझिबार असेच मिळते. ते चुकीचे नाही, परंतु सर्वांना लागू पडणारेही नाही. कारण झांझिबारला गुलामांचा बाजार होता, तर बागामोयो हे त्या बाजाराकडे येणाऱ्या वाटेचे किनाऱ्यावरचे शेवटचे टोक होते.

झांझिबारचा बाजार जून १८७३ मध्ये सुलतान बरघश यांनी ब्रिटिशांच्या दबावाखाली करार करून बंद केला. त्यासाठी लंडनहून आलेल्या शिष्टमंडळाचे प्रमुख सर बार्टल फ्रिअर होते. मुंबईचा कोट ज्यांच्या कारकिर्दीत पाडला गेला, तेच हे मुंबईचे माजी गव्हर्नर. बाजाराच्या जागी पुढे अँग्लिकन कॅथीड्रल उभे राहिले, आणि फटके मारण्याचा खांब जिथे होता तिथेच वेदी बांधली असे सांगतात. आवारातील १९९८ सालचे शिल्प मात्र कोणी समजावून सांगण्याची गरज पडत नाही: जमिनीच्या पातळीखाली खणलेल्या चौकोनी खड्ड्यात पाच माणसे उभी आहेत, चेहरे दगडी आणि निर्विकार, आणि त्यांच्या गळ्यांतून ओवलेली साखळी त्या काळातली खरी आहे. शेजारच्या प्रदर्शनातील माहिती नेमकी असल्याने ते आधी पाहावे आणि तळघराकडे नंतर वळावे, असे मी सुचवेन.

तळघराचे कारण असे, की सेंट मोनिका या इमारतीखालच्या ज्या दोन बुटक्या, कोंदट खोल्या ‘गुलामांच्या कोठड्या’ म्हणून दाखवल्या जातात, ती इमारतच मुळी बाजार बंद झाल्यानंतर मिशनने बांधलेली आहे, आणि त्यामुळे इतिहासकारांना हा दावा मान्य नाही. गाईड तिथे आवाज खाली आणून माणसांचे आकडे सांगतो आणि ऐकणारे गप्प होतात. तो परिणाम खरा असला तरी जागा बहुधा ती नव्हे. याउलट स्टोन टाउनपासून वीसेक किलोमीटर उत्तरेला मांगापवानी येथे प्रवाळखडक कोरून केलेली कोठडी बंदीनंतरच्या चोरट्या व्यापारासाठी वापरली जात होती. ती पाहण्यासारखी आहे, परंतु दार-एस-सलामहून त्याच दिवशी परतणाऱ्याला तेवढा वेळ उरत नाही. बोटीला जाताना आणि येताना प्रत्येकी सुमारे दोन तास लागतात, बेट टांझानियाचाच भाग असूनही पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि पर्यटक म्हणून येणाऱ्या परदेशी माणसाला ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारचा वेगळा प्रवासविमा घ्यावा लागतो. एका दिवसासाठी हा खटाटोप अंमळ जास्तच आहे.

बागामोयोला असा ठसठशीत देखावा कुठेच नाही, आणि ज्याला पहिल्या तासात काहीतरी ‘दिसायला’ हवे असेल त्याची तिथे निराशा होईल. टांगानिका सरोवराकाठच्या उजिजीहून हस्तिदंत आणि माणसे घेऊन निघालेले तांडे सुमारे १,२०० किलोमीटर चालून या गावात पोहोचत आणि इथून गलबतांनी झांझिबारकडे माल जाई. ‘माल’ या शब्दात माणसेही आली. आज पडझड झालेली व्यापाऱ्यांची घरे, तांड्यांच्या मुक्कामाची जागा, जुना किल्ला आणि जर्मनांचा बोमा (वसाहतकालीन सरकारी कचेरी) अशा विखुरलेल्या खुणा उन्हात हिंडून जोडाव्या लागतात. तीनचाकी रिक्षा मिळते. तिला तिथे ‘बजाजी’ म्हणतात, हे ऐकून पुणेकराला गंमत वाटेल.

परंतु मराठी माणसासाठी बागामोयोचे पारडे जड होते ते कॅथलिक मिशनच्या आवारात. १८६८ साली स्थापन झालेल्या या मिशनने पैसे मोजून सोडवलेल्या गुलामांची वस्ती वसवली होती. फेब्रुवारी १८७४ मध्ये ब्रिटिश संशोधक-मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनचे शव आतल्या प्रदेशातून सुमारे नऊ महिन्यांची वाट तुडवून इथे आणले गेले आणि इथल्या चर्चमध्ये ठेवले गेले. ते आणणाऱ्यांपैकी जेकब वेनराइट हा तरुण गुलामगिरीतून सुटून नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात शिकला होता. त्यांच्यापैकीच चुमा यानेही काही काळ मुंबईच्या मिशनशाळेत काढला होता. ज्या झाडाखाली लिव्हिंगस्टनचे हृदय पुरले त्याच्या खोडावर वेनराइटने मजकूर कोरला, आणि त्याच झाडाच्या लाकडाचा क्रूस आज झांझिबारच्या कॅथीड्रलमध्ये आहे. ही कथा तीस वाक्यांत सांगू शकणारा गाईड भेटला तर बागामोयो उजळते आणि नाही भेटला तर ते एक झोपाळलेले किनारी गाव राहते. म्हणून इथे गाईडवर पैसे वाचवू नयेत.

एक गोष्ट दोन्ही ठिकाणी स्वतःहून विचारावी लागते, ती म्हणजे आपल्या लोकांचा वाटा. झांझिबारच्या जकातीचा मक्ता अनेक दशके जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता, तांड्यांना लागणारे भांडवल बव्हंशी हिंदी व्यापारी पुरवत, आणि १८६० च्या सुमारास ब्रिटिश वकील (कॉन्सल) रिग्बी यांना हिंदी घरांतील गुलाम सक्तीने मुक्त करवावे लागले. समोर भारतीय पाहुणा असला की गाईड सौजन्याने हा भाग गाळतात. त्यांना मोकळीक द्यावी.

तेव्हा पुढेमागे झांझिबारला दोन रात्री मुक्काम होणारच असेल, तर दार-एस-सलामचा मोकळा दिवस निःशंकपणे बागामोयोला द्यावा. ज्येष्ठ माणसे बरोबर असतील आणि बोट लागण्याची भीती असेल, तरीही हेच करावे. पुन्हा या बाजूला येणे नसेल, किंवा शाळकरी मुले बरोबर असतील, तर पहाटेची बोट पकडून झांझिबारला जावे आणि मसाल्यांच्या बागेचा मोह सोडून पूर्ण वेळ कॅथीड्रलच्या आवारात घालवावा. बागामोयोला गेलात, तर मिशनमधल्या जुन्या गोरखचिंचेच्या बुंध्यातून बाहेर डोकावणारा साखळीचा तुकडा अवश्य पाहा. गुलामांना बांधायची साखळी म्हणून ती कोणी दाखवली तर मान डोलावू नका: १८९५ च्या सुमारास एका फ्रेंच बाईंनी आपले गाढव बांधण्यासाठी ती झाडाला अडकवली होती, आणि वाढत्या झाडाने ती गिळली.