खोली तळ्याकाठची, पैसे भलत्याच्याच खात्यात

हॉटेलच्या खोट्या साइटवरून बुक केलेली उदयपूरची ती खोली स्वस्त नव्हती, हे आधीच सांगते. कारण फसवणूक झाली म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढ्या स्वस्तात कशी मिळेल, असं नाही वाटलं?" बाकीच्या बुकिंग साइटवर त्या खोलीचा एका रात्रीचा भाव साडेएकोणीस हजार होता. आम्हाला साडेअठरा सांगितला. थेट हॉटेलकडून घेतलं की एवढा फरक पडतोच. वर जीएसटी १८ टक्के, तोही नियमाप्रमाणे. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला तेवढाच लागतो. खोटेपणा भावात नव्हताच.

आम्ही दोघं आणि नणंद-नंदोई, दोन खोल्या, दोन रात्री. बेत शहराचाच होता: सिटी पॅलेस, जगदीश मंदिर, संध्याकाळी गणगौर घाट आणि उरलेला वेळ हॉटेलच्या गच्चीत निवांत. पिछोला तलावाच्या मधोमध जगनिवास महाल आहे, १९६३ पासून तिथे हॉटेल चालतं, पण तिथल्या भावाचा विचारसुद्धा केला नाही. आम्हाला हवी होती काठावरची जुनी हवेली. त्यातही हनुमान घाटाच्या बाजूची, कारण त्या काठावरून समोर अख्खा सिटी पॅलेस दिसतो. लाल घाटाच्या बाजूला राहिलं तर तो आपल्या पाठीशी जातो. नणंदेने आठवडाभर फोटो आणि नकाशे पाहून एक हॉटेल पक्कं केलं. निवड चोख होती. हॉटेल खरं आहे, आजही आहे, उत्तम आहे म्हणतात.

त्याचं नाव गूगलवर टाकल्यावर सगळ्यात वर जी साइट आली, ती मात्र त्यांची नव्हती. वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, म्हणजे कोणीतरी पैसे भरून तिला पहिल्या ओळीत बसवलं होतं. आत फोटो खरे, पत्ता खरा, जेवणाचा मेनूसुद्धा खरा. पत्त्याच्या पट्टीत कुलूप होतं. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे साव बसलाय की चोर, हे ते सांगत नाही. फोन नंबर तेवढा हॉटेलचा नाही, भामट्यांचा स्वतःचा.

फोनवरचा माणूस अतिशय सभ्य. मागे सारंगीची धून, कळफलकाची टकटक. "मॅम, लेक फेसिंग में दो ही बचे हैं, मैं दस मिनट होल्ड कर सकता हूँ." विमान किती वाजता उतरतं हे विचारलं, डबोकच्या विमानतळावर गाडी पाठवू म्हणाला. सासूबाई येणार नाहीत ना, कारण लिफ्ट नाही, पायऱ्या उंच आहेत, हेसुद्धा त्याने विचारलं. जुन्या हवेलीत लिफ्ट नसते हे ज्याला माहीत आहे आणि जो ते आपणहून सांगतो, त्याच्याबद्दल शंका कुठून येणार?

एकूण बिल ८७,३२० रुपये. निम्मे, म्हणजे ४३,६६०, आगाऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर हॉटेलचा लोगो असलेला क्यूआर कोड आला आणि मी तो स्कॅन करायच्या आधीच तो म्हणाला, "स्क्रीन पर ट्रेडर्स का नाम आएगा, घबराइएगा नहीं, वो हमारा बिलिंग पार्टनर है." आलंही तसंच. कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव. सगळ्या प्रकरणातली सगळ्यात हुशार चाल हीच, असं माझं मत. यूपीआयवर पैसे जाण्याआधी खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं, ते याचसाठी की आपण थबकावं. आपल्या मनात प्रश्न येण्याआधीच त्याने उत्तर देऊन ठेवलं. भामटा असा असतो. तो खोटं लपवत नाही, आधीच समजावून टाकतो.

पैसे गेले. पाच मिनिटांत पुन्हा फोन. "मॅम, आपने रिमार्क में बुकिंग आयडी नहीं डाला, सिस्टम ने पेमेंट उठाया नहीं. वही अमाउंट आयडी के साथ दोबारा डालिए, पहला वाला ऑटोमॅटिक रिव्हर्स होगा." नवरा म्हणाला, आधी परत करा, मग टाकतो. त्यावर तो हसून काय म्हणाला ते ऐका. "सर, रिव्हर्स नहीं भी हुआ तो आपका फुल पेमेंट हो गया समझिए. आना तो आपको है ही." हिशेब बरोबरच होता! दोनदा निम्मे म्हणजे पूर्ण. आम्ही टाकले. तिसऱ्यांदा पाच हजारांची 'व्हेरिफिकेशन' रक्कम मागितली, तेव्हा नवऱ्याने साफ नाही म्हटलं. तरी रात्री व्हाउचर आलं, त्यामुळे प्रकरण मिटलं असंच सगळ्यांना वाटलं.

ते व्हाउचर आज पाहते तेव्हा त्यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे खाली छापलेला जीएसटी क्रमांक. हा पंधरा अक्षरांचा असतो आणि त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचा २७, राजस्थानचा ०८. उदयपूरच्या हवेलीच्या व्हाउचरवर ०९ होतं, म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता हा क्रमांक टाकता येतो आणि नोंदणी कोणाच्या नावाची आहे ते समोर येतं, मिनिटभराचं काम. अर्थात एखादा भामटा खऱ्या हॉटेलचा क्रमांकही छापेल. म्हणून तो क्रमांक आणि पैसे घेणाऱ्या खात्याचं नाव, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

दुसरी गोष्ट 'पंचतारांकित' हा शिक्का. आपल्याकडे तारे देते केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची वर्गीकरण समिती, पाच वर्षांसाठी, आणि तेही हॉटेलने स्वतः अर्ज केला तर. जुन्या हवेल्या-राजवाड्यांना सहसा तारे नसतात, त्यांचा 'हेरिटेज' हा वेगळा वर्ग आहे आणि त्याला वास्तू १९५० पूर्वीची लागते. हवेलीला पाच तारे लावणाऱ्याला हॉटेल-व्यवसायाची माहिती बेताचीच होती. (बुकिंग साइटवरचे तारे हा आणखी निराळा विषय, ते बहुतेकदा हॉटेलवाला स्वतःच भरतो.)

उलगडा झाला तो निघायच्या दोन दिवस आधी. नणंदेच्या मैत्रिणीने पूर्वी तिथे मुक्काम केला होता, तिच्या जुन्या बिलावरच्या नंबरवर गाडीचं विचारायला फोन केला. रिसेप्शनवरच्या बाईंनी नाव विचारलं, शोधलं, आणि थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "आपने भी उसी वेबसाइट से किया क्या?" म्हणजे त्यांना ठाऊक होतं. स्वतःच्या साइटवर दोन ओळींची सूचना टाकायला त्यांना काय झालं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन लावला. फोनवर व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, वेळ, रक्कम, आपली बँक हे विचारतात. हे हाताशी घेऊनच बसा. ते पुढच्या बँकांना कळवतात आणि पैसे ज्या खात्यात पोचले असतील तिथे ते गोठवले जातात. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करायची. सगळा खेळ वेळेचा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे सापडण्याची शक्यता असते. आमच्या पैशांना पाय फुटून तीन आठवडे झाले होते. साडेसहा हजार रुपये कुठल्यातरी चौथ्या खात्यात गोठले, आणि तेव्हा ते सोडवायलाही कोर्टाचा आदेश आणा म्हणाले.

बँकेत गेलो तर तिथला अधिकारी रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम दाखवू लागला. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हे खरं, पण ते तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांसाठी. इथे पिन आम्हीच टाकला होता. हेच पैसे क्रेडिट कार्डाने भरले असते तर सेवा मिळाली नाही म्हणून वाद घालायला, चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत, मागायला जागा तरी होती. यूपीआयवर स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे तसे परत मिळवणं फार अवघड. हॉटेलचा आगाऊ भरणा मी आता कार्डानेच करते, आणि कार्ड न घेणारं आलिशान हॉटेल असलं तर ते नकोच.

नंबरही साइटवरचा घेत नाही. नकाशावरच्या नंबरावर विसंबू नका, तिथे कोणीही बदल सुचवू शकतो. तो मिळवायचा इथून: जुनं बिल, तिथे राहून आलेला माणूस, किंवा पर्यटन मंत्रालयाचं 'निधी' पोर्टल, जिथे नोंदणी केलेली हॉटेलं सापडतात. साइट कधी नोंदली गेली हेही बघता येतं. आमची ती 'जुन्या हवेलीची' साइट जेमतेम दोन महिन्यांची होती. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये अशाच खोट्या बुकिंग साइटबद्दल इशारा दिला होता. चारधाम आणि सोमनाथचं नाव त्यात होतं, म्हणून आम्ही तो यात्रेकरूंसाठी समजून सोडून दिला.

तक्रारीनंतर महिन्याभराने एक फोन आला. सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सुटले आहेत, फक्त २,४९९ रुपये प्रक्रिया शुल्क भरा. पोलीस पैसे परत द्यायला शुल्क घेत नाहीत. फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात, त्यामुळे हा दुसरा फोन येणारच असं धरून चाला. मी त्याच्याकडे आमच्या तक्रारीचा पोचक्रमांक मागितला. "वो सर के पास है," म्हणाला. तो नंबरही आता तक्रारीत जोडला आहे.