टॉर्क पाना: आठ महिन्यांचा अनुभव, आणि आधी कुठला घ्यायला हवा होता

टॉर्क पाना म्हणजे नट-बोल्ट ठरावीक जोरानेच आवळता यावा म्हणून असलेला मापाचा पाना. मागच्या नोव्हेंबरात पहिला घेतला, फेब्रुवारीत दुसरा. पहिला खराब निघाला असं काही नाही. मीच चुकीच्या मापाचा आणला होता.

पहिला चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची चौकोनाचा (ज्यावर सॉकेट बसतो तो चौकोन). माप 28 ते 210 न्यूटन-मीटर (आवळण्याचा जोर मोजायचं एकक, पुढे आवळण्याचे नुसते आकडे येतात तेही यातलेच), ठरलेल्या ओढीला टक् करणारा. 2,650 रुपये पडले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अगदी असाच दिसणारा पाना मला बाजारात आणखी दोन नावांनी दिसला. गाडीची चाकं आपणच काढायची-घालायची, एवढंच डोक्यात होतं. त्या कामाला तो उत्तम आहे. माझ्या जुन्या गाडीच्या मॅन्युअलात चाकाच्या नटाला 85 सांगितलंय, म्हणजे पान्याच्या पल्ल्यात आरामात बसणारं.

पण घरी सगळ्यात जास्त खोललं जातं ते काय? बाइकचं ऑइल. ड्रेन बोल्टला, म्हणजे जुनं ऑइल सोडायच्या बोल्टला, 24 लागतात आणि माझा पाना सुरूच होतो 28 पासून. म्हटलं, चाराने काय होतंय. सगळ्यात खालच्या मापावर लावला आणि ओढला. इतक्या खाली त्याची टक् फार मऊ असते, हाताला नीट लागत नाही. मला ती कळलीच नाही आणि मी आणखी थोडा ओढला. बोल्ट एकदम हलका झाला. ज्याने कधी इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे घालवलेत त्याला तो हलकेपणा ठाऊक असेल, पोटात गोळाच येतो. इथे बेळगावात उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये केसिंग नेऊन कॉइल घालून नवे आटे करून घेतले. त्या पैशांत लहान पाना सहज आला असता.

आमचे मिस्त्री शहापुरात गॅरेज चालवतात. त्यांना हे सांगितल्यावर ते हसलेच. म्हणाले, "त्या दांडक्याला एवढं पैसं घातलासा? हाताला कळतंय की ओ. साकु म्हटलं की साकु." (साकु म्हणजे कानडीत पुरे.)

आता त्यांच्या हाताची गोष्ट. फेब्रुवारीत लहान पाना आल्यावर मी तो घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी साध्या टी पान्याने साइड कव्हरचे सहा बोल्ट आवळले, 6 मिलिमीटरचे. अशा बोल्टला साधारण 10 चालतात. मी पाना 10 वर लावून फिरवला, तर सहाही बोल्ट जागचे न हलता टक्. 13 वर लावला, तर सहाही किंचित फिरले. (बसलेला बोल्ट पुन्हा हलवायला थोडी जास्त ओढ लागते, त्यामुळे हा अंदाजच.) म्हणजे माणसाचा हात 10 ते 13 च्या मध्ये, सहाच्या सहा वेळा. मी गप्प बसलो. पण तो तीस वर्षांचा हात आहे, माझा नाही.

उलट अनुभव गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ला रस्त्यावरचा. कणकुंबीच्या अलीकडे पंक्चर झालं, टायरवाल्याने पान्याला लांब पाइप लावून नट आवळले. घरी येऊन मोठा पाना 130 वर लावून पाहिला, तर चारही नट न हलता टक्. 85 च्या जागी हे. सैल करून परत 85 वर बसवले आणि 60-70 किलोमीटर फिरून पुन्हा तपासले. सैल करताना मात्र साधा पाना वापरला. टॉर्क पान्याने गंजका नट उघडायला जाऊ नये, मापाचा बोजवारा उडतो.

"स्वस्तातला पाना खरं माप देतो का?" हे मला सगळेच विचारतात. डब्यात ±4 टक्क्यांचं प्रमाणपत्र होतं, पण कागदावर काहीही छापता येतं. म्हणून घरीच तपासला. व्हाइसमध्ये चौकोन धरून पाना जमिनीला समांतर ठेवला. चौकोनाच्या मध्यापासून मुठीवरच्या खुणेपर्यंत 42 सेंटिमीटर भरले. किराणा दुकानातून 5 किलोची शिक्क्याची दोन वजनं मागून आणली (दुकानदार म्हणाला, "काय जिम काढलासा काय?") आणि बरोबर खुणेवर टांगली. 10 गुणिले 9.81 गुणिले 0.42, म्हणजे 41.2. त्यात पान्याचं स्वतःचं वजनही धरायला लागतं, हे आधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाना भरला 1.4 किलो, बोटावर तोलून पाहिला तर मध्यबिंदू 20 सेंटिमीटरवर, म्हणजे आणखी 2.7. एकूण 44 च्या आसपास. वजन हाताने सावकाश सोडायचं, हिसका बसला की सगळं चुकलं. 44 वर लावला, टक् नाही. 43 वरही नाही. 42 वर झाला.

म्हणजे माझा पाना दाखवतो त्याहून जवळजवळ पाच टक्के जास्त आवळतो. एक मित्र मच्छ्यातल्या कारखान्यात क्वालिटीला आहे. त्याने तिथल्या टेस्टरवर लावून पाहिला: 40 ला 41.9, 100 ला 102.5, 160 ला 162. खाली चूक मोठी, वर लहान. तो म्हणाला यात नवल काही नाही, स्प्रिंगच्या पान्याचा भरवसा साधारण कमाल मापाच्या 20 टक्क्यांपासून वर धरायचा. 210 चे 20 टक्के 42. म्हणजे 28 ते 42 मधले आकडे पट्टीवर कोरलेत खरे, पण भरवशाचे नाहीत. हे आधी कोणी सांगितलं असतं तर केसिंग वाचलं असतं.

लहान पाना दोन सुती, 5 ते 25 चा, 1,900 रुपयांचा. प्लग, कव्हर, ड्रेन बोल्ट, सायकलचं हँडल, सगळ्याला हाच. आठ महिन्यांत मोठा हातात आला असेल दहा-बारा वेळा, हा मात्र पाच महिन्यांतच पन्नासेक वेळा. तक्रार एकच, प्रमाणपत्रावरचा नंबर आणि पान्यावर कोरलेला नंबर जुळत नाही. विकणाऱ्याला दोनदा कळवलं, उत्तर नाही. वजनं टांगून पाहिला तेव्हा दोन-तीन टक्क्यांत बसला, म्हणून परत केला नाही.

मोठ्याची आणखी एक खोड: शेपटीची लॉकची कळ मेमध्ये ढिली झाली, आवळताना माप अर्धा घर सरकतं. आता प्रत्येक नटाआधी आकडा बघतो. काम झालं की दोन्ही पाने सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवतो, त्याच्याही खाली सोडत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे लोखंडाला आठवड्यात तांबडं चढतं, म्हणून डब्यात तेलाचं फडकं.

अजून एक, जुन्या मॅन्युअलात माप किलो-मीटरमध्ये असतं (रस्त्यावरचा किलोमीटर नव्हे), त्याला 9.8 ने गुणायचं. 2.4 म्हणजे साडेतेवीस. माझ्या पान्यावर दुसरी पट्टी फूट-पाउंडची आहे, ती चुकून वाचली तर 24 चे 32 होतात. मी त्या पट्टीवर काळी चिकटपट्टी मारून टाकली आहे.

दोन्ही पाने नोव्हेंबरात परत मित्राच्या टेस्टरवर न्यायचे आहेत. लहानाचे आकडे आले की इथेच लिहीन.